असाइनमेंट अपुरी आहे

मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा माझ्या कपाटात 'मेंटॉर-मेंटी' अशी पाटी लावलेली एक फाईल होती. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनासाठी प्रत्येक प्राध्यापकाला मुलं वाटून दिलेली असतात. वर्षातून दोन बैठका घ्यायच्या, सह्या घ्यायच्या, फोटो लावायचा आणि फाईल जागेवर ठेवायची. आमचं कॉलेज दक्षिण रायगडमधलं, तालुक्याच्या गावातलं. मी वाणिज्य शाखेला अर्थशास्त्र शिकवते. माझ्या नावावर ३८ मुलं होती. फाईल घरी आणली ती त्यातल्या फोन नंबरांसाठी. पुढची दोन वर्षं ती माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारीच राहिली.

पहिला दीड महिना मी जे केलं ते चुकीचं होतं, हे आधी सांगते. रोज सकाळी ग्रुपवर सुविचार टाकत होते. 'वेळेचा सदुपयोग करा', 'सकारात्मक राहा', 'एखादं नवीन कौशल्य शिका'. त्या दिवसांत सगळीच कॉलेजं कोरोना जागृतीच्या प्रश्नमंजूषा घेऊन ई-सर्टिफिकेटं वाटत होती. आम्हीही वाटली. झूमवर ताणतणावाच्या विषयावर दीड तासाचं व्याख्यान ठेवलं. मुलं भरपूर जोडली गेली, शेवटी प्रश्न मात्र कोणीच विचारला नाही. दुसऱ्या दिवशी एस. वाय.च्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, एका मुलीचा मेसेज आला : "मॅडम, तुम्ही म्हणालात की घरात स्वतःसाठी एक कोपरा ठेवा. आमच्याकडे सध्या तेरा माणसं आहेत. कोपरा कुठला ठेवू?"

तो मेसेज मी कितीतरी वेळा वाचला. एकटेपणा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शहरातली बंद खोली यायची. आमच्या मुलांचं एकटेपण भरल्या घरातलं होतं. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी आले. कुणी गाडी करून आलं, कुणी कितीतरी मैल चालत. चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत, मग घरी. काका-काकू, त्यांची मुलं, हातचं काम गेलेला मोठा भाऊ, सगळे दोन खोल्यांत. त्यातल्या कुणाला नुसता खोकला आला तरी शेजारी खिडकी लावून घ्यायचे. ज्या मुलांचे वडील मुंबईहून आले त्यांच्याशी गावातले मित्र बोलेनासे झाले होते. मुलींच्या हातात तर कॉलेज बंद झाल्यापासून झाडू आणि तवा आला होता. वर्गातला तास, एसटीचा प्रवास, कँटीनबाहेरचा कट्टा, ही त्यांच्या स्वतःच्या मालकीची एवढीच जागा होती. ती गेली होती आणि ती गेल्याचं दुःख घरात कुणाला दुःखच वाटत नव्हतं.

व्याख्यानं बंद केली. रोज दुपारी चार ते सहा साधा फोन करायचा असं ठरवलं. व्हिडिओ नाही, मीट नाही. दिवसाचा दीड जीबी डेटा तीन भावंडांत वाटून घेणाऱ्या घरात आवाजाचा फोनच परवडतो. रोज पाच मुलं, म्हणजे आठवड्याभरात बहुतेक सगळ्यांची पाळी यायची. त्याच आठवड्यात माझ्या एका मैत्रिणीला फोन लावला. ती सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ आहे. तिला म्हटलं, मला यातलं काही येत नाही, चुकून कुणाचं नुकसान होईल अशी भीती वाटते. ती म्हणाली, "तू डॉक्टर होऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेचं मानसिक प्रथमोपचाराचं पुस्तक आहे, त्यात तीनच गोष्टी आहेत. बघ, ऐक, जोडून दे. कुणाची काय अवस्था आहे ते बघायचं, मध्ये न तोडता ऐकायचं, आणि ज्याची गरज असेल त्याच्याशी जोडून द्यायचं. डॉक्टर, रेशन, परीक्षा विभाग, जे काही असेल ते."

ऐकायला सोपं वाटतं. मला यातलं 'ऐकणं' सगळ्यात जड गेलं. वीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिलेली बाई मी. समोरच्याने अडचण सांगितली की तोंडातून उत्तर बाहेर पडतंच. एक मुलगा म्हणाला, "झोप येत नाही मॅडम," आणि मी लगेच म्हटलं, "रात्री मोबाईल बघू नकोस." त्याने "हो मॅडम" म्हटलं आणि संपलं. पुढच्या आठवड्यात तोच मुलगा, तेच वाक्य. मी या वेळी म्हटलं, "झोप येत नाही तेव्हा काय चालू असतं डोक्यात?" बराच वेळ काही आवाज नाही. मग तो वडिलांच्या कर्जाबद्दल बोलू लागला. चाळीस मिनिटं बोलला. मी फक्त "हं", "मग?" एवढंच म्हणत होते. फोन ठेवताना म्हणाला, "बरं वाटलं." वडिलांचं कर्ज काही कमी झालं नव्हतं.

'काय करतोस? अभ्यास चालू आहे ना?' याने सुरुवात करायची नाही, हेही मी शिकले. त्या प्रश्नाला मुलं 'हो' म्हणतात आणि आपल्या फोनची धास्ती घेतात. 'आज काय जेवलास?' विचारलं की माणूस जिथे आहे तिथून बोलायला लागतो. जेवणावरून घरात काय शिजतंय हे कळतं, पैशाचं कळतं, आईची तब्येत कळते. दोन घरी चूल नीट पेटत नाही हे मला याच प्रश्नातून कळलं आणि एन. एस. एस.च्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांकरवी किराणा पोचवता आला.

मुलींचं वेगळं होतं. माझ्या यादीत २१ मुली. त्यातल्या जेमतेम सहा-सात जणींकडे स्वतःचा फोन. बाकीच्यांचा नंबर म्हणजे वडिलांचा किंवा भावाचा. फोन केला की आधी, "कोण बोलतंय? काय काम आहे?" मी "परीक्षेच्या फॉर्मचं विचारायचंय" असं सांगायची. फोन मुलीकडे जायचा, पण स्पीकर चालू असायचा. शेवटी एका मुलीनेच मार्ग काढला. म्हणाली, "मॅडम, कोणी जवळ असेल तर मी म्हणेन असाइनमेंट झाली. आणि बोलायचं असेल पण बोलता येत नसेल, तर म्हणेन असाइनमेंट अपुरी आहे." हा शब्द पंधरा दिवसांत मुलींमध्ये पसरला. अपुरी म्हटलं की मी दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळेला फोन करायची, किंवा कॉलेजातून कागद न्यायला यावं लागेल असा निरोप घरी द्यायची. मुलगी आली की ग्रंथालयाच्या पायरीवर सहा फुटांवर बसून, तोंडाला मास्क लावून आम्ही बोलायचो.

मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि आमच्या बाजूच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. रोठा जातीच्या सुपारीवर ज्यांची घरं चालत होती त्यांचं काय गेलं हे इथल्या माणसालाच कळेल. पोफळ पुन्हा लावून उत्पन्न हातात यायला वर्षं जातात. पत्रे उडाले, कौलं गेली, विजेचे खांब वाकले, मोबाईलचे टॉवर बंद. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. माझी चार ते सहाची वेळ रोज यायची आणि यादीतल्या एकालाही फोन लागायचा नाही.

आमच्या गावचे पोस्टमन तेवढ्यातही फिरत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "बाई, रस्त्यावरची झाडं बाजूला झाली तिथपर्यंत जातो." पोस्टात पन्नास पैशांची कार्डं होती. मी चाळीस घेतली. दोन रात्री मेणबत्तीच्या उजेडात लिहीत बसले. प्रत्येक कार्डावर जवळपास तेच : "तू कसा आहेस? घर किती पडलं? माणसं सुखरूप आहेत ना? फोन लागत नाही म्हणून लिहिते आहे. परीक्षेचं काहीही ठरलेलं नाही, त्याची काळजी नको. जमेल तेव्हा उलट दोन ओळी लिही." नंतर लक्षात आलं की कार्ड उघडं असतं, घरातले सगळे वाचणार. म्हणून ज्यांचं काही नाजूक चाललं होतं अशा सात जणांना घडी घालून चिकटवायची आंतर्देशीय पत्रं पाठवली.

उत्तरं अकरा आली. एकात एवढंच होतं : "मॅडम, माझ्या नावाने आलेलं हे पहिलं पत्र. पत्रा उडाला आहे. आम्ही शाळेत झोपतो. मी ठीक आहे असं लिहिणार होतो पण ठीक नाही." खाली सही होती. ज्या मुलाची ती सही होती तो त्याआधी प्रत्येक फोनला "बरं आहे मॅडम" म्हणत आला होता.

त्याला मी इथे फक्त टी. वाय.चा, म्हणजे शेवटच्या वर्षाचा, मुलगा म्हणेन. वडील मुंबईत एका हॉटेलात कामाला होते, ते मे महिन्यात परत आले. वादळाने घर गेलं. आणि वर परीक्षा. आज विसरायला होतं, पण तेव्हा शेवटच्या वर्षाच्या मुलांची दशा काय होती ते आठवून बघा. राज्य सरकार म्हणत होतं परीक्षा होणार नाहीत. ६ जुलैला यू. जी. सी.ने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सांगितलं की सप्टेंबरअखेर घ्याव्याच लागतील. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्टला निकाल लागला की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, तारीख हवी तर पुढे मागून घ्या. ऑक्टोबरमध्ये ऑनलाईन, बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा झाली. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत ही मुलं ना शिकत होती ना सुटत होती. वरून गावात कोणीतरी म्हणायचंच, "यांची काय, कोरोनाची डिग्री. नोकरीला कोण उभं करणार?" ती पुटपुट मुलांच्या मनात किती खोल गेली होती हे मी फोनवर ऐकलंय.

ऑगस्टमध्ये, गणपती जवळ आले होते तेव्हा, रात्री साडेदहाला त्या मुलाचा मेसेज आला. "मॅडम, फॉर्म भरायचा की राहू दे? आता काय उपयोग." बस एवढंच. दिवसा आला असता तर मी फॉर्मची शेवटची तारीख कळवली असती. त्या रात्री मात्र मैत्रिणीचं बोलणं आठवलं. ती म्हणाली होती, भाषा बदलली की कान टवकार. 'उपयोग नाही', 'ओझं झालोय', 'आता सगळं सारखंच', असं कोणी बोललं तर सरळ विचार. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. असलेली कल्पना बाहेर यायला वाट मिळते.

मी फोन लावला. रेंजसाठी तो घरामागच्या टेकडीवर गेला होता, पाऊस पडत होता, आवाज तुटत होता. आधी जेवणाचं विचारलं. मग म्हटलं, "एक विचारते, खरं सांग. जीव द्यावासा वाटतोय का?" माझा हात थरथरत होता. पलीकडे फक्त पावसाचा आवाज. मग तो म्हणाला, "हो. दोन-तीन वेळा वाटलं." आणि रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. असं कसं बोलतोस, आईवडिलांचा विचार कर, यातलं एक अक्षर बोलले नाही. आईवडिलांचा विचार करून करूनच तर तो तिथवर आला होता. मी म्हटलं, "सांगितलंस ते फार चांगलं केलंस. आज रात्री तू एकटा राहायचं नाहीस. घरात कुणाला सांगू?" तो म्हणाला, "काकीला." मी त्याच्या देखत, म्हणजे त्याला लाईनवर ठेवून, काकीशी बोलले. काकी मुंबईहून आलेली, चाळीत राहणारी, धीराची बाई. तिला सांगितलं की रात्री त्याच्याजवळ झोपा, घरातली औषधं आणि वाडीवरच्या फवारणीचं जे काही असेल ते आज रात्रीच त्याच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, आणि त्याला बोल लावू नका. ती म्हणाली, "बाई, मी जागीच राहते."

दुसऱ्या दिवशी मैत्रीण त्याच्याशी फोनवर बोलली. दोन दिवसांनी तो काकांच्या मोटरसायकलवरून सरकारी रुग्णालयात गेला. औषधं सुरू झाली. औषधांचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात हे त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर मुलं चार दिवसांत गोळ्या सोडतात. परीक्षेचा फॉर्म मी आणि त्याने फोनवर एकेक रकाना करत भरला. ऑक्टोबरमध्ये परीक्षेच्या दिवशी त्याने दुसऱ्या गावातल्या मित्राच्या ओटीवर बसून पेपर दिला. आज तो नोकरी करतो. यापुढचं त्याचं आयुष्य त्याचं आहे, म्हणून मी इथे थांबते.

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने 'मनोदर्पण' नावाने विद्यार्थ्यांसाठी हेल्पलाईन सुरू केली होती, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' आधीपासून होती. मी दोन्ही नंबर सगळ्यांना पाठवले. पण नुसता नंबर पाठवून चालत नाही. आमची मुलं अनोळखी माणसाशी बोलताना शब्दच विसरतात. कितीतरी वेळा मी कॉन्फरन्स कॉल लावून, "हा माझा विद्यार्थी आहे, याला थोडं ऐका," असं म्हणून मग बाजूला झाले. आता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तो मी दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते आणि वहीत उतरवून घ्यायला लावते.

आणखी एक चूक सांगायलाच हवी. काम वाढलं तसं मी एन. एस. एस.च्या पाच सीनियर मुलांना हाताशी घेतलं. आपापल्या गावातल्या चार-चार जणांना ते फोन करायचे. सुरुवातीला फार छान वाटलं. महिन्याभराने त्यातल्या एका मुलीची आई मला भेटली. म्हणाली, "बाई, ही रात्रभर फोन उशाशी घेऊन जागी असते. म्हणते, त्याने फोन केला आणि मी उचलला नाही तर?" एकोणीस वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर मी काय टाकलं होतं हे तेव्हा समजलं. त्या दिवसापासून नियम केला. मुलांनी फोन करायचा, गप्पा मारायच्या, पण कुणी काही जड बोललं तर त्याच दिवशी ते माझ्याकडे द्यायचं आणि मोकळं व्हायचं. रात्री आठनंतर फोन बंद. त्या मुलीशी मी स्वतः दोन महिने दर रविवारी बोलत राहिले.

२०२१च्या फेब्रुवारीत निम्म्या उपस्थितीने कॉलेज थोडं उघडलं आणि दुसऱ्या लाटेने पुन्हा मिटलं. एप्रिल-मे मध्ये फोनचा विषयच बदलला. आता ऑक्सिजन, बेड, रेमडेसिविर आणि मग मयत. माझ्या ३८ मुलांपैकी चौघांच्या घरातलं माणूस गेलं. एकाला वडिलांचं तोंडही बघायला मिळालं नाही. त्या फोनवर मी काही बोलायचे नाही. "मी आहे लाईनवर," एवढंच. आमच्याकडे मयताच्या घरी माणसं येऊन नुसती ओटीवर बसतात, चहाही घेत नाहीत. मला तेवढंच करता येत होतं, फक्त फोनवर.

त्याच दिवसांत मी स्वतः पॉझिटिव्ह आले. पाच दिवस ताप, फोन नणंदेकडे. उठून बघितलं तर १३६ मेसेज. त्यात एक होता, चार दिवसांपूर्वीचा : "मॅडम, असाइनमेंट अपुरी आहे." हा शब्द जिने काढला होता तिचाच.

मी फोन लावला. वडिलांनी उचलला. आनंदात होते. "बरं झालं मॅडम फोन केलात. काल सुपारी फुटली. मुलगा चांगला आहे, स्वतःचा टेम्पो आहे. आता पंचवीस माणसांत होतंय, खर्च वाचतो. पुन्हा अशी संधी कुठली?" मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी तिला द्या म्हटलं. ती फोनवर आली आणि म्हणाली, "झाली मॅडम असाइनमेंट." तिची पाचवी सेमिस्टर झाली होती, सहावी राहिली होती. ती सज्ञान होती, बळजबरी झाली असं ती कधीच म्हणाली नाही. पण त्या चार दिवसांत मी बोलू शकले असते तर निदान परीक्षा होईपर्यंत थांबा एवढं तिच्या वडिलांना पटवलं असतं, असं मला वाटतं. ते माझं ऐकणारे गृहस्थ होते. लॉकडाऊनच्या त्या स्वस्त लग्नांनी आमच्या वर्गातल्या किती मुली नेल्या ते हजेरीपटावर दिसतं. नावापुढच्या रेघा अजून तशाच आहेत.

त्यानंतर यादी एकटीने सांभाळायची नाही असं ठरवलं. आता प्रत्येक मुलाची माहिती असणारे आम्ही दोघे प्राध्यापक असतो आणि एक आजारी पडला की दुसरा फोन उचलतो.

२०२२च्या पावसाळ्यात, कॉलेज पूर्ण भरायला लागलं होतं तेव्हा, ती आली. कडेवर चार महिन्यांची मुलगी, बरोबर सासू. मी स्टाफरूममधून बाहेर आले तर सासूच पुढे होऊन म्हणाली, "हिची एक परीक्षा राहिलीय म्हणते. भरून टाका बाई. मी सांभाळीन पोरीला." मी खुर्च्या मागवल्या. लेखनिक मामांनी राहिलेल्या सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म काढून दिला. तिने पेन हातात घेतलं, नावाच्या रकान्याशी थांबली आणि मला विचारलं, "मॅडम, माहेरचं लिहू की सासरचं?"

"आधीच्या मार्कशीटवर आहे तेच," मी म्हटलं. तिने एकेक चौकोन भरत आपलं पूर्ण नाव लिहिलं.